दार कोणासाठी उघडायचे?



रोवणीच्या दिवसांत आमच्या दवनीवाड्यात कोणाला कोणाशी बोलायला सवड नसते. बाया सकाळी बांधीत उतरतात त्या दिवस मावळल्यावरच घरी परततात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी वस्तीतील एक मावशी पायाचा चिखल धुऊन तशाच आमच्या दारी आल्या. हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर काळजी.

"भाऊ, पोरीचा पुण्याहून फोन आला जी. आज्याच्या शाळेचा कागद उद्याच पायजे म्हन्ते. तुमच्या मशिनीत ठेवला होता न?"

कागद मशीनमध्ये होता. लाइट होते, नेट होते, मशीन चालू होते. पुण्यात मुलीच्या हातात चांगला फोन होता. तरी दवनीवाड्यातला कागद पुण्यात उघडत नव्हता. त्या रात्री आम्ही तो फोनवर उतरवून व्हॉट्सॲपने पाठवला आणि वेळ निभावली. मात्र आम्ही दिवसभर कचेरीत असतो. उद्या दुपारी बारा वाजता असा फोन आला तर? तेव्हाच आम्ही ठरवले की घरच्या मशीनपर्यंत बाहेरून येण्याची वाट करायची. ती वाट करताना आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती लपवून उपयोग नाही, म्हणून या वेळचे सदर त्यावरच लिहीत आहोत.

आधी हे मशीन घरी आले कसे ते सांगतो. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना जात-पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज्याचा शाळेचा दाखल-खारीजचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना जमिनीचा कागद, अशा गोष्टी एकदा मिळवायला किती चकरा माराव्या लागतात हे ज्याने मारल्या त्यालाच विचारावे. असे कागद पत्र्याच्या पेटीत असतात. पेटीला पावसात ओल लागते, कागद घडीवर फाटतो. आमच्या अभ्यासिकेतील मुलांनी अशा सात घरांचे कागद स्कॅन करून दिले. सोबत काही घरांचे जुने फोटो आणि दोन वृद्धांच्या आठवणींचे रेकॉर्डिंगही केले. हे सगळे ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला.

काही वाचक म्हणतील, डिजिलॉकर आहे ना? जरूर वापरावे. २०१५ मध्ये ते सुरू झाले आणि ज्या खात्याने कागद थेट त्यात दिला, तो कायद्याने मूळ कागदासारखा धरला जातो. पण १९४० सालच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल कोणतेही खाते आपणहून त्यात आणून टाकत नाही. दुसरे म्हणतील, गूगलमध्ये ठेवा. ठेवता येते, पण फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. त्याआधी ऑर्कुटवर तरुणांनी मोठ्या हौसेने फोटो लावले होते. ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले आणि ज्यांनी वेळेत फोटो काढून घेतले नाहीत त्यांचे गेले. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेली वस्तू वाड्याच्या मालकाच्या मर्जीवर राहते.

म्हणून एक जुना लॅपटॉप आम्ही घरी चोवीस तास चालू ठेवला. आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस, त्यामुळे आधी विजेचा हिशेब केला. मोठे जुने डेस्कटॉप मशीन साधारण ७० वॉट खाते. २४ तास आणि ३० दिवस धरले तर महिन्याला ५० युनिट होतात. जुना लॅपटॉप झाकण मिटून १५ वॉटवर चालला तर ११ युनिटच्या आत काम होते. रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे मशीन ५ वॉटच्या आसपास घेते, म्हणजे चार युनिटही नाहीत. लॅपटॉपचा आणखी एक फायदा असा की त्याची स्वतःची बॅटरी असते. आपल्या जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे वीजकेंद्र उभे आहे, तरी वादळवाऱ्यात आमच्या गल्लीतले दिवे जायचे ते जातातच! राउटरला मात्र वेगळी छोटी बॅटरी लावावी लागते. नाहीतर मशीन जागे आणि रस्ता बंद, अशी गत होते.

आता मूळ प्रश्न. सगळे चालू असून बाहेरचा माणूस आत का येऊ शकत नाही?

इंटरनेटवर प्रत्येक मशीनला एक आकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपासच होऊ शकतात. जगाच्या मध्यवर्ती कोठारातील शिल्लक ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपली आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. आपल्याकडे खेड्यापाड्यात मोबाइलवर स्वस्त नेट पोहोचले ते २०१६ नंतर. पंगत बसली तेव्हा पत्रावळी संपल्या होत्या. म्हणून कंपन्या एकाच पत्त्यावर पुष्कळ घरे बसवतात. याला सीजी-नॅट म्हणतात.

आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, ही आवक-जावक नोंदवहीची पद्धत आहे. मोठ्या कचेरीचा पत्ता एकच, टेबले शंभर. आपल्या टेबलावरून पत्र बाहेर गेले की त्याला जावक क्रमांक पडतो. उत्तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन आले की आवक कारकून बरोबर आपल्या टेबलावर आणून देतो. पण एखादे पत्र कोणताच हवाला न देता आले तर ते कोणत्या टेबलाचे? कारकून ते बाजूला टाकतो. पुण्याच्या मुलीची हाक अशीच बाजूला पडत होती.

आपलेही असेच आहे काय, हे घरीच तपासता येते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता दिलेला असतो. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांपासून सुरू होत असेल तर आपण सामायिक पत्त्यावर आहोत. तसा नसेल तरी फोन वायफायला जोडून एखाद्या संकेतस्थळावर आपला पत्ता पाहावा आणि राउटरच्या पानावरच्या पत्त्याशी ताडून घ्यावा. दोन्ही वेगळे असले तरी अर्थ तोच.

यावर सरळ उपाय दोन आहेत. पहिला, कंपनीकडून स्वतःचा कायम पत्ता घ्यायचा. त्याचे बहुधा दरमहा वेगळे पैसे पडतात आणि घरगुती जोडणीला तो मिळेलच असे नाही. दुसरा, नवी पत्तापद्धत वापरायची. तिचे नाव आयपीव्ही६. भारतात तिचा वापर जगात आघाडीवर आहे आणि तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही. पण राउटरने बाहेरच्याला आत सोडले पाहिजे आणि येणाऱ्याच्या बाजूलाही तीच पद्धत चालू पाहिजे. एखाद्या वसतिगृहाच्या वायफायवर ती नसली की काम अडले. म्हणून बहुतेक लोक तिसरा मार्ग धरतात, तो टनेलचा.

टनेलची युक्ती साधी आहे. बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, पण आतला माणूस बाहेर जाऊ शकतो. तेव्हा आपलाच एक शिपाई बाहेर पाठवायचा, त्याने बाहेरच्या एका खिडकीपाशी उभे राहायचे आणि आतल्या टेबलाशी दोर ताणून धरायचा. खिडकीवर कोणी कागद मागितला की तो त्याच दोरावरून आत निरोप देतो. नोंदवहीत जावक क्रमांक आधीच पडलेला असल्याने कारकून अडवत नाही. राउटरमध्ये कोणतेही भोक पाडावे लागत नाही.

आम्हाला ही युक्ती फारच आवडली आणि इथेच आमचा पाय घसरला.

एका रविवारी आमच्या चिरंजीवांनी एक झटपट टनेल सुरू केला. दोन मिनिटांचे काम. लांबलचक, विचित्र नावाचा पत्ता मिळाला. आम्ही म्हटले, इतके विचित्र नाव कोणाला सुचणार? पासवर्ड नंतर लावू. कागदांचे फोल्डर तसेच त्यावर ठेवले. मुलीला पुण्यात उघडून पाहायला सांगितले, उघडले. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी कचेरी, तिसऱ्या दिवशी एक लग्न. चौथ्या दिवशी चिरंजीवांनी मशीनची नोंदवही उघडली आणि आम्हाला हाक मारली.

दारावर अनोळखी पत्त्यांवरून कितीतरी थापा पडल्या होत्या. बहुतेक यंत्रांच्या थापा. अमुक नावाची फाइल आहे काय, तमुक पान आहे काय, असे विचारत फिरणाऱ्या. आमच्या कागदांची फाइल कोणी उतरवल्याची नोंद नव्हती. पण फोल्डरचे पहिले पान दोनदा उघडल्याची नोंद होती आणि त्या पानावर फायलींची नावे होती. नावांत माणसांची नावे होती आणि त्यापुढे कागद कसला आहे तेही होते.

पत्ता विचित्र असला म्हणजे गुप्त राहतो, ही आमची समजूत खुळी होती. कुलूपबंद संकेतस्थळाला जे प्रमाणपत्र लागते, ते दिल्यावर त्याची नोंद सर्वांना वाचता येतील अशा जाहीर वह्यांत होते. ज्या सेवा प्रत्येक नावाला वेगळे प्रमाणपत्र घेतात, त्यांच्याकडचे आपले नाव त्या वहीत चढते. या वह्या वाचत बसणारी यंत्रे जगभर आहेत. शिवाय दुवा ज्याला पाठवला त्याने पुढे पाठवला तर तो कुठवर जाईल याचा नेम नाही. दार कुठे आहे हे लपवणे म्हणजे दाराला कडी लावणे नव्हे.

आम्ही टनेल बंद केला. मग खरे अवघड काम उरले. सात घरी जाऊन हे सांगायचे होते. चिरंजीव म्हणाले, फाइल तर कोणी नेली नाही, मग सांगायचे कशाला? आम्ही म्हटले, कागद त्यांचे आहेत, तेव्हा काय घडले हे कळण्याचा हक्कही त्यांचा आहे. संध्याकाळी दोघे मिळून गेलो. कोणी भांडले नाही. मावशी मात्र थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पेटी तुमच्या भरवशावर ठेवली होती जी भाऊ. तुम्ही पेटी सांभाळली अन् दारच उघडं ठेवलं."

त्या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. आम्ही इतके दिवस एकच प्रश्न विचारत होतो, "दार उघडते कसे?" विचारायला हवे होते ते, "दार कोणासाठी?"

त्यानंतर महिनाभर आम्ही वेगवेगळ्या सेवांची माहिती वाचली, करून पाहिली आणि वहीत चार प्रश्न लिहून ठेवले. कोणतीही सेवा घेण्याआधी ते विचारावेत.

पहिला प्रश्न, येणार कोण? साऱ्या जगाने यावे अशी वस्तू आहे की मोजक्या पाच-पन्नास माणसांनी? दुसरा, मधल्या माणसाला आतले दिसते काय? तिसरा, दारावरची पाटी कोणाच्या नावावर आहे? चौथा, उद्या ही सेवा बंद पडली, महाग झाली किंवा तिने आपल्याला काढले, तर आपण किती दिवसांत दुसरीकडे जाऊ शकतो?

पैशाचा प्रश्न आम्ही मुद्दाम या चारांत घेतला नाही. कारण यातील पुष्कळ सेवा फुकट आहेत आणि फुकट म्हटले की माणूस बाकीचे चार विचारत नाही.

आता या कसोटीवर एकेक सेवा पाहू.

सर्वांत जास्त वापरला जातो तो क्लाउडफ्लेअरचा टनेल. २०२१ पासून तो सर्वांना फुकट आहे. आपल्या मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसतो आणि तो त्यांच्या केंद्रांशी चार दोर बांधतो, तेही किमान दोन केंद्रांशी, म्हणजे एक तुटला तरी काम थांबत नाही. त्यांच्या केंद्रांच्या जाहीर यादीत मुंबईबरोबर आपल्या नागपूरचेही नाव आहे. कायमचा पत्ता हवा तर स्वतःचे डोमेन नाव विकत घ्यावे लागते. ते नावाप्रमाणे कमी-जास्त, पण साधे नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळते. दारापुढे पहारेकरीही बसवता येतो. येणाऱ्याच्या ईमेलवर एकवेळचा आकडा जातो, तो टाकल्याशिवाय आत सोडत नाही. आमच्या झटपट टनेलला एवढी एक गोष्ट जरी लावली असती तरी ती चूक टळली असती.

पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे नीट समजून घ्यावे. या पद्धतीत येणाऱ्याच्या फोनपासून निघालेले कुलूप त्यांच्या केंद्रात उघडते आणि तिथून पुढे दुसरे कुलूप लागते. म्हणजे मध्ये क्षणभर लिफाफा उघडा होतो. कंपनी वाचतच असते असे आम्ही म्हणत नाही. वाचू शकण्याच्या जागी ती असते, एवढेच म्हणतो. शिवाय फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढवता येत नाही आणि मोठमोठे व्हिडिओ त्यावरून सतत दाखवणे त्यांच्या अटींत बसत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला त्यांच्याच यंत्रणेत एक आतली फाइल प्रमाणाबाहेर फुगली आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली. इतक्या मोठ्या कंपनीचे असे होऊ शकते, तर चौथा प्रश्न कोणालाही विचारलाच पाहिजे.

एनग्रोक ही त्याहून जुनी सेवा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चालू काम दुसऱ्याला चटकन दाखवावे यासाठी ती फार सोयीची. फुकटात महिन्याला किती माहिती जाईल यावर मर्यादा आहे आणि येणाऱ्याला आधी एक इशाऱ्याचे पान दिसते. आपल्या मावशी ते पान पाहून फोनच बंद करतील. कायमच्या कामासाठी ती आपल्या उपयोगाची नाही.

टेलस्केलची रीत वेगळी. ती साऱ्या गावासाठी दार उघडत नाही, आपल्याच माणसांपुरती एक खासगी गल्ली बांधते. ज्याच्या फोनवर ॲप आहे आणि ज्याला आपण परवानगी दिली आहे, त्यालाच ती गल्ली दिसते. बाकीच्या जगाला तिथे दार आहे हेच कळत नाही. तिच्या पोटात वायरगार्ड नावाची खुली पद्धत आहे. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आली आहे. किल्ल्या ज्याच्या त्याच्या फोनमध्ये व मशीनमध्ये राहतात. दोन टोकांना सरळ वाट मिळाली नाही तर माहिती कंपनीच्या मधल्या केंद्रावरून जाते, पण तिथेही लिफाफा बंदच असतो. कोणाला गल्लीत घ्यायचे ही यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आत येण्यासाठी गूगलसारख्या खात्याने ओळख द्यावी लागते. ते खाते हातचे गेले तर गल्लीची किल्ली गेली. फुकट योजनेतील माणसांच्या मर्यादा कंपनी वेळोवेळी बदलते, तेव्हा घेताना स्वतः पाहून घ्याव्यात.

याच कंपनीची फनेल नावाची सोय आहे. ती गल्लीतले एक दार साऱ्या जगाला उघडते. त्यातही कुलूप आपल्याच मशीनवर उघडते, मध्ये नाही, ही तिची जमेची बाजू. पण पाटीवर नाव त्यांचेच राहते, स्वतःचे डोमेन लावता येत नाही. आणि त्या नावाची नोंद वर सांगितलेल्या जाहीर वहीत चढते, हे विसरू नये.

शेवटचा मार्ग म्हणजे बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्याच्यापर्यंत आपलाच वायरगार्डचा दोर किंवा एफआरपी नावाच्या खुल्या प्रोग्रामचा टनेल बांधायचा. खिडकी आपली, शिपाई आपला. चारही प्रश्नांची उत्तरे इथे सर्वांत चांगली मिळतात. पण दरमहा काही शे रुपये भाडे पडते आणि त्या सर्व्हरची डागडुजी वेळच्या वेळी स्वतः करावी लागते. आमच्यासारख्या रविवारच्या मिस्त्रीला ते झेपेल काय? आम्ही प्रामाणिकपणे "आज नाही" असे उत्तर लिहिले. हौसेने घेतलेला आणि वर्षभर न पाहिलेला सर्व्हर हा उघड्या दाराहून वाईट.

मग आम्ही काय केले?

वस्तूंच्या दोन राशी केल्या. अभ्यासिकेचे वेळापत्रक, जुन्या परीक्षांचे प्रश्न, मुलांनी स्वतः लिहिलेल्या टिपणवह्या, हे साऱ्या जगाने पाहिले तरी आनंदच. त्यासाठी डोमेन घेऊन क्लाउडफ्लेअरचा टनेल लावला. ते पान वेगळ्या जुन्या मशीनवर ठेवले, म्हणजे त्या दाराने कोणी घुसला तरी त्याला आपोआप कागदांच्या पेटीशी जाता येऊ नये.

सात घरांचे कागद खासगी गल्लीत ठेवले. प्रत्येक घराचे फोल्डर वेगळे, पासवर्ड वेगळा. एका घराला दुसऱ्याचे दिसत नाही. दोन वृद्धांची रेकॉर्डिंगे कुठे ठेवायची हे आम्ही ठरवले नाही, त्यांच्या घरच्यांना विचारले. एका घराने "साऱ्यांनी ऐकावं" म्हटले. दुसऱ्या घरच्या बाबाजींनी सांगितले की मजुरीवरच्या भांडणाची गोष्ट आहे, त्यात गावातल्या माणसांची नावे आहेत, ती घरातच राहू द्या. ती घरातच राहिली.

पाटी कोणाच्या नावावर हा प्रश्न आम्हाला ओळखीचा वाटला. समाजमंदिराची जागा एका माणसाच्या नावावर राहिली की पुढे काय होते, हे कोणत्या वस्तीने पाहिले नाही? डोमेनचेही तसेच. ज्या मुलाला जमते त्याच्या ईमेलवर ते घेतले जाते. मुलगा नोकरीला बाहेर जातो, नूतनीकरणाचा इशारा त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडतो आणि एक दिवस नाव हातचे जाते. म्हणून अभ्यासिकेसाठी वेगळे ईमेल खाते काढले. त्याची किल्ली तिघांकडे ठेवली, त्यांतल्या एक शिक्षिका भगिनी आहेत. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली.

काही गोष्टी टनेल करत नाही, त्याही सांगून ठेवतो. टनेल म्हणजे वाट. आतली कपाटे मजबूत नसतील तर वाट कितीही चांगली असून उपयोग नाही. मशीनवरचे प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत करावे लागतात. तसेच टनेल म्हणजे दुसरी प्रत नव्हे. लॅपटॉपची डिस्क गेली तर वाट आहे पण घर नाही, अशी अवस्था होईल. आमची दुसरी प्रत गोंदियाला एका नातलगाकडे पासवर्ड लावलेल्या डिस्कवर असते आणि ती महिन्यातून एकदा ताजी होते. आणि मूळ कागद? तो प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी, ज्याचा त्याच्या घरी. मशीन आले म्हणून पेटी फेकायची नसते.

कायद्याचाही विचार करावा. माणसांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू नाही. पण आपण सात घरांचे कागद ठेवले की गोष्ट घरगुती राहिली असे म्हणणे कठीण. आम्ही प्रत्येक घराकडून साध्या मराठीत लिहून घेतले की कोणता कागद, कशासाठी, आणि मागितल्यावर लगेच पुसून टाकू. आठवे घर आले तेव्हा कागद घेण्याआधी आम्ही त्यांना आमची ती चूक सांगितली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग कागद दिले.

फोनवर ॲप लावताना मावशींची थोडी ओढाताण झाली. फोनवर दुसरे कोणते व्हीपीएन चालू असले की हे चालत नाही, हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. त्यांच्या मुलीने पुण्यात स्वतःच्या खात्याने ॲप लावले आणि आम्ही तिला मशीन जोडून दिले. मध्यंतरी तिचा फोन हरवला. तिने दुसऱ्याच्या फोनवरून कळवले आणि पाच मिनिटांत आम्ही तो फोन यादीतून काढला. पत्र्याच्या पेटीची किल्ली हरवली असती तर कुलूप तोडावे लागले असते.

परवा रात्री मावशी आल्या त्या कागदासाठी नव्हे. मुलीने पुण्यात बसून आज्याचा उतारा उघडला होता आणि त्यावरचे अक्षर पाहून आईला फोन केला होता. आज्याचे नाव लिहिणाऱ्या मास्तरचे अक्षर कसे वळणदार आहे, हे ती आईला सांगत होती. मावशींना स्वतःला ते वाचता येत नाही. त्यांनी आमच्याकडून तो कागद मोठा करून पाहिला, नावावर बोट ठेवले आणि विचारले, "आता दार बंद हाय न जी?"

आम्ही म्हटले, "बंद आहे, मावशी. किल्ली तुमच्या पोरीजवळ आहे."

तात्पर्य एवढेच. घरी मशीन ठेवणाऱ्या प्रत्येकाने टनेल निवडण्याआधी कागदावर दोन ओळी लिहाव्यात, कोणी यावे आणि कोणी येऊ नये. पहिल्या ओळीत "सारे जग" असे लिहिले असेल तरच उघडा दरवाजा घ्यावा. तिथे माणसांची नावे असतील तर खासगी गल्ली घ्यावी. मग सेवा कोणती, फुकट की पैशाची, हे ठरवायला फार वेळ लागत नाही. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि सात घरांची माफी मागावी लागली. ती वेळ आपल्यावर येऊ नये.

सप्रेम जय भीम.